मार्चअखेर जपानला स्कीइंग: होक्काइदो की नागानो?

सिंहगडी

नमस्कार मंडळी,

मुलांची शाळा आयसीएसई. परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपते आणि एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नवीन वर्ष सुरू होतं. या मधल्या सुट्टीत जपानला जायचं नक्की केलंय आणि त्यात पाच-सहा दिवस स्कीइंगसाठी राखून ठेवलेत. मी आणि बायको गुलमर्गला शिकलो, मध्यम उतारांवर दोघांनाही नीट येतं. मुलगी बारा वर्षांची, थोडंफार शिकलीय. धाकटा आठ वर्षांचा, त्याने अजून स्की पायात घातलेली नाही.

जपान म्हटलं की जो तो होक्काइदोतल्या निसेकोचं नाव घेतो. पण मी वाचलेले अनुभव सगळे जानेवारी-फेब्रुवारीचे आहेत. मार्च संपताना तिथे बर्फ कसा असतो? होक्काइदोला जावं, की नागानोकडे, म्हणजे हाकुबा किंवा नोझावा ओनसेनला? परतताना तोक्योत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला मिळाला तर फारच छान. बायको शाकाहारी आहे, त्याबद्दलही सांगा.

पावडरप्रेमी

सप्पोरोत राहतो, त्यामुळे होक्काइदोची बाजू मीच घेतो.

मार्चअखेर निसेकोत बर्फ असतो का, ही काळजी सोडून द्या. भरपूर असतो. तिथल्या हिराफु भागातल्या वरच्या लिफ्ट मेच्या सुरुवातीपर्यंत चालतात. होक्काइदोतलीच किरोरो आणि फुरानोसुद्धा साधारण तोवर चालू असतात. सैबेरियाहून येणारी थंड हवा जपानच्या समुद्रावरची वाफ उचलते आणि डोंगरांवर बर्फ टाकते. मार्चमध्ये हा जोर ओसरतो, पण संपत नाही. मार्चअखेर रात्रीत वीतभर कोरडा बर्फ पडलेला मी पाहिलाय. नागानोत त्या सुमारास पाऊस पडण्याची शक्यता जास्त.

गर्दी ओसरलेली असते, हॉटेलं स्वस्त झालेली असतात आणि समोर योतेई पर्वत (१८९८ मीटर) दिवसभर स्वच्छ दिसतो. जानेवारीत तो ढगांतून क्वचितच बाहेर येतो.

अलिबागचा

आमच्याकडे मार्चअखेर बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

नागानोकर

बरीच वर्षं नागानो प्रांतात नोकरी करतोय, शनिवार-रविवार डोंगरावर जातात. पावडरप्रेमींचं बरचसं पटतं, पण सिंहगडींच्या कुटुंबाला वेगळा सल्ला देईन.

हंगाम उतरणीला लागला की ठिकाणाच्या नावाला अर्थ उरत नाही. तीन गोष्टी बघायच्या: उंची, उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि तुम्हाला हवा असलेला उतार डोंगराच्या कुठल्या भागात आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कोणी विचारत नाही.

उंचीचं गणित सोपं आहे. दर १०० मीटरला हवा साधारण ०.६ अंशाने गार होते. हिराफुचा पायथा समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आतबाहेर आणि सगळ्यात वरची लिफ्ट १२०० मीटरच्या आसपास पोचते. नागानोतल्या शिगा कोगेनचा पायथाच १३०० मीटरच्या वर आहे आणि योकोतेयामाची लिफ्ट २३०७ मीटरवर सोडते. म्हणजे शिगाचा तळ निसेकोच्या माथ्यापेक्षा उंच. अक्षांशात होक्काइदो सहा-सात अंशांनी उत्तरेला आहे हे खरं, पण हजार मीटरची उंची त्यातला मोठा हिस्सा भरून काढते.

आता तिसरी गोष्ट. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांचा उतार पायथ्याला असतो. तिथे हॉटेल जवळ, शाळा जवळ, सगळं सोयीचं. फेब्रुवारीत उत्तम. पण वितळायला सुरुवात होते ती पायथ्यापासूनच. मार्चअखेर दुपारी तिथे ओला, जड चिखल असतो आणि कडेला माती दिसायला लागते. तुम्ही दोघं वर जाऊन मजा कराल आणि धाकटा पहिल्यांदा स्की घालेल ती त्या चिखलात. म्हणून ठिकाण निवडताना आठ वर्षांच्या मुलाचा उतार किती उंचीवर आहे ते आधी शोधा. तुमचा नंतर.

सिंहगडी

नागानोकर, हा विचार डोक्यातच आला नव्हता. प्रत्येक ठिकाणाच्या संकेतस्थळावर "हंगाम मेपर्यंत" असं लिहिलेलं असतं, ते बघून मी निवांत होतो.

नागानोकर

ती तारीख शेवटच्या लिफ्टची असते. मार्चच्या मध्यापासून एकेक लिफ्ट बंद होत जाते आणि शेवटी एक गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) आणि वरच्या दोन-चार लिफ्ट उरतात. संकेतस्थळावर लिफ्टवार बंद होण्याच्या तारखांचा तक्ता शोधा. इंग्रजी पानावर नसेल तर जपानी पान उघडून मोबाइलवर भाषांतर करून बघा, तिथे हमखास असतो.

हाकुबाचंच उदाहरण घ्या. तिथल्या हाप्पो-ओनेवर १९९८ च्या नागानो ऑलिंपिकची डाउनहिल शर्यत झाली होती. १८३१ मीटरपर्यंत लिफ्ट आहे आणि वरचा भाग मेच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. पण एप्रिल लागला की गावापर्यंत स्की करत उतरण्याचा नेम नाही, गोंडोलात बसूनच खाली यावं लागतं. नोझावातही तेच. ५६५ ते १६५० मीटर अशी मोठी उतरण आहे, पण हंगामाच्या शेवटी खरा खेळ उरतो तो वर यामाबिको भागात. तो भाग मात्र सुंदर, बीच झाडांच्या रानातून जातो.

पावडरप्रेमी

@नागानोकर, गणित मान्य. पण शिगात शेवटी संध्याकाळी करायचं काय? चारी बाजूंना हॉटेलं विखुरलेली, मधे डोंगर. गाव असं नाहीच. हिराफुत मुलांना घेऊन चालत जेवायला जाता येतं, इंग्रजीत शिकवणारे शिक्षक आयत्या वेळीही मिळतात. आठ वर्षांच्या मुलाला जपानीत सूचना देणारा शिक्षक मिळाला तर पहिला दिवस वायाच गेला म्हणायचा.

नागानोकर

शिक्षकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. शिगात इंग्रजी शिक्षक हवा असेल तर दीड-दोन महिने आधी बुक करा. हाकुबा, नोझावा, निसेको इथे ही अडचण नाही.

संध्याकाळचं म्हणाल तर दिवसभर बर्फात खेळलेली मुलं आठ वाजता झोपतात. हॉटेलात ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह, आहे, जेवण आहे. मला तरी आणखी काही लागत नाही.

निशिकासाईची ताई

तोक्योतल्या साकुराबद्दल मी सांगते. तोक्योत अलीकडे कळ्या साधारण मार्चच्या मध्यापासून अखेरपर्यंत केव्हातरी उमलायला लागतात आणि आठवडाभरात बहर पूर्ण येतो. म्हणजे आधी स्कीइंग, मग तोक्यो, असाच क्रम लावा. उलटं केलंत तर ऐन बहराच्या वेळी तुम्ही डोंगरावर असाल. नागानोच्या बाजूने मात्सुमोतोवरून परत आलात तर तिथला किल्ला बघा, पण साकुरा तिथे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. होक्काइदोत तो एप्रिलअखेर किंवा मेमध्येच.

दुसरं. घरात कोणाला परागकणांची ॲलर्जी असेल तर नीट विचार करा. होन्शूत, म्हणजे तोक्यो-नागानोच्या मुख्य बेटावर, फेब्रुवारी ते एप्रिल 'सुगी' नावाच्या जपानी सीडार झाडांचे परागकण हवेत असतात. माझे डोळे त्या दिवसांत टोमॅटोसारखे लाल होतात. होक्काइदोत ही झाडं फारच थोडी, तिथे गेलं की दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. पावडरप्रेमींच्या बाजूने हा एक मुद्दा.

पावडरप्रेमी

ताई, धन्यवाद. कोणीतरी बाजूने बोललं.

आजोबा नाशिककर

मी गुलमर्गला शिकलो तेव्हा गोंडोला नव्हता, दिवसभर पायी चढून एकदाच खाली यायचो. गंभीरपणे विचारतो, एवढा खर्च करून मार्चमध्ये जपानला जाण्यापेक्षा गुलमर्ग काय वाईट? तिथल्या अफरवट डोंगरावर गोंडोलाचा वरचा टप्पा ३९०० मीटरच्या वर जातो. नागानोकरांचं उंचीचं गणित लावलं तर जपान मागे पडेल.

हिमकण

आजोबा, उंचीत गुलमर्गला तोड नाही. पण वरच्या टप्प्यावर सगळं ऑफ-पिस्ट, म्हणजे न आखलेले मोकळे उतार आहेत, सफाईदार केलेले जवळपास नाहीत. नवशिक्या मुलांसाठी खालचं मैदानच उरतं, आणि ते मार्चमध्ये ऊन लागलं की लवकर जातं. सिंहगडींनी गुलमर्ग केलंच आहे. मुलांना रोज सकाळी यंत्राने नीट केलेला, रुंद, सौम्य उतार हवा असेल तर जपान.

तुमच्यासारख्यांनी पायी चढून केलेलं स्कीइंग आम्हाला जमायचं नाही. त्या काळातल्या गोष्टी वेगळा धागा काढून लिहा ना.

आजोबा नाशिककर

लिहितो. नातीकडून टंकून घेईन.

डॉ गुडघा

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून थोडं. हंगामाच्या शेवटी होणाऱ्या दुखापती हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळ्या असतात. सकाळी बर्फ कडक असतो तेव्हा माणसं घसरून पडतात, मनगट आणि खांदा दुखावतो. दुपारी बर्फ ओला, जड होतो. स्की त्यात अडकते, शरीर पुढे फिरतं आणि पाय मागेच राहतो. गुडघ्याचा अस्थिबंध तिथे जातो. थकलेल्या मांड्या असतील तर हमखास.

म्हणून दोन गोष्टी. भाड्याने स्की घेताना वजन, उंची, वय आणि आपलं कसब खरं सांगा. त्यावरून बायंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोरात सुटावं ते ठरवतात. भिडेपोटी वजन कमी सांगितलं तर बायंडिंग नको तेव्हा सुटतं, आणि कसब वाढवून सांगितलं तर पडल्यावर सुटतच नाही. दुसरं, मुलांना जेवणानंतर पुन्हा उतारावर नेऊ नका. सकाळचा वेळ पुरतो.

नागानोकर

डॉक्टर अगदी बरोबर. वसंतातल्या स्कीइंगचं घड्याळच वेगळं असतं. साडेआठला लिफ्ट सुरू होते तेव्हा रात्री गोठलेला उतार दगडासारखा असतो, स्कीची कड धरत नाही. साडेनऊ-दहाला ऊन लागून वरचा थर सुटा होतो आणि बर्फाचे दाणे मोकळे होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. तिथून बारापर्यंतचे दोन तास म्हणजे वर्षातलं सगळ्यात सोपं, सगळ्यात आनंदाचं स्कीइंग. नवशिक्यांना तर या बर्फावर वळायला फेब्रुवारीपेक्षा लवकर जमतं, कारण वेग आपोआप ताब्यात राहतो. माझी मुलगी एप्रिलमध्येच शिकली.

आणि हे घड्याळ उताराच्या दिशेप्रमाणे सरकतं. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, उत्तरेकडचा उशिरा. सकाळी पूर्वेचा, मग उत्तरेचा, असं फिरत राहिलं की साबुदाणा जास्त वेळ पुरतो. शिगात हे सहज जमतं, कारण तिथे एकाच पासवर अनेक स्की क्षेत्रं आहेत आणि मधे बस फिरते.

एक मात्र आहे. रात्री ढग असतील तर बर्फ गोठतच नाही आणि सकाळपासूनच चिखल. त्या दिवशी सरळ बाहेर भटकायला जा. शिगाच्या खाली युदानाकाजवळ जिगोकुदानीची माकडं आहेत, पण थंडी कमी झाली की ती गरम पाण्यात फार बसत नाहीत, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.

भाकरतुकडा

साबुदाणा वाचला आणि थेट खाण्याच्या मुद्द्यावर आले. सिंहगडींची बायको शाकाहारी आहे, म्हणून मनापासून लिहितेय.

जपानी स्वयंपाकात जवळपास सगळ्याला माशाचा अर्क असतो. भाज्यांचं सूप, सोबा नूडल्सची आमटी, अगदी उकडलेल्या भाज्यासुद्धा. स्की उतारावरच्या उपाहारगृहात करी राइस मिळतो, पण करीत डुकराचं किंवा गाईचं मांस असतं. "भाजी आहे का" असं विचारलं तर हो म्हणतील, कारण भाजी असतेच. "मांस, मासे, माशाचा अर्क चालत नाही" असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा.

नागानोत एक सुख म्हणजे ओयाकी. आत भोपळा, लाल चवळीचं गोड सारण किंवा नोझावाना नावाच्या पालेभाजीचं लोणचं भरलेली कणकेची भाजकी गोळी. भोपळ्याची घ्या, पालेभाजीत कधी माशाची चव असते, विचारून घ्या. दुकानात उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) भातगोळा बऱ्यापैकी सुरक्षित. बाकी भाजणी, मेतकूट, तूप, लाडू, पापड सोबत न्याच. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर रात्री खिचडी टाकायची, की सगळे खूश. निसेको आणि हाकुबात अशा खोल्या खूप आहेत, शिगात कमी.

अलिबागचा

ताई, भाजणी बर्फात मळायला पाणी लागणार नाही, एवढा फायदा.

निशिकासाईची ताई

तोक्योत आमच्या निशिकासाईच्या भारतीय वस्तीत आलात की डाळ, पोहे, शेंगदाणे सगळं मिळतं. डोंगरावर जाण्याआधी इथून सामान भरून घ्या, पुण्याहून वजन वाहायला नको.

आणि बॅगा डोंगरावर स्वतः ओढत नेऊ नका. ताक्क्यूबिन नावाची सामान पोचवण्याची सेवा आहे. विमानतळावरून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅग दिली की सहसा दुसऱ्या दिवशी हॉटेलात. स्कीसुद्धा जातात. दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन शिनकानसेनमधून (बुलेट ट्रेनमधून) बसमध्ये चढायचं म्हणजे दमछाक, ती वाचते.

हिमकण

आई-वडील उताराच्या दोरीबाहेर, म्हणजे आखलेल्या हद्दीबाहेर, जाणार असतील तर हे वाचाच. वसंतात हिवाळ्यासारखा फक्त वरचा थर घसरत नाही, जमिनीपासूनचा सगळा बर्फ एकदम सरकतो. वितळलेलं पाणी खाली गवतावर किंवा खडकावर झिरपतं आणि अख्खा थर निसटतो. उतारावर मोठी भेग दिसली की तिच्या खालून जायचं नाही, कितीही लोक जात असले तरी. निसेकोत दोरीबाहेर जायला ठरलेली फाटकं आहेत आणि गस्तीपथक ती बंद ठेवतं तेव्हा तो नियम पाळायचा. नागानो प्रांतात ठरवून दिलेल्या डोंगरवाटांवर जाताना आधी नोंद द्यावी लागते.

मुलांना तर दोरीच्या पलीकडे एक पाऊलही नको.

कोकणकन्या

वाचनखूण साठवली. एक शंका: मार्चअखेर पाऊस आला तर स्कीइंग बंद होतं का?

नागानोकर

@कोकणकन्या, पावसात लिफ्ट चालू राहतात, वारा असेल तर बंद. वारा जास्त त्रासदायक. गोंडोला बंद झाला की वरचा भाग गेला, आणि खाली बर्फ नाही. शेवटच्या दिवसांत हे मोठं संकट, म्हणून एकाच गोंडोलावर अवलंबून असलेलं ठिकाण मी टाळतो. जाकीट खरोखरीचं जलरोधक हवं, थंडीचं जाड नको. सकाळी शून्याच्या खाली, दुपारी दहा-बारा अंश, म्हणून थरांत कपडे घाला.

आणखी एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. मार्च ते मे गोबीच्या वाळवंटाकडून धूळ येते. ती पडली की बर्फ पिवळट-तपकिरी होतो आणि स्की अचानक चिकटल्यासारखी थांबते, माणूस पुढे झुकतो. असा पट्टा दिसला की आधीच वेग कमी करा. स्कीला उबदार हवामानाचं मेण लावून घ्या, दुकानात सांगितलं की लावून देतात.

पावडरप्रेमी

धुळीचा त्रास होक्काइदोतही होतो, ते मान्य करतो. पण किरोरोचा विचार सिंहगडींनी जरूर करावा. तिथे डोंगराच्या पायथ्यालाच हॉटेल आहे, बर्फ खूप पडतो, आणि मार्चअखेर निसेकोपेक्षा शांत. रुसुत्सुही कुटुंबांसाठी उत्तम, पण तिथला हंगाम लवकर आटपतो, तारीख बघून घ्या.

वरच्या दर्जाच्या स्कीअरला असाहिदाके सुचवेन. रोपवे १६०० मीटरवर सोडतो, वर ज्वालामुखीच्या वाफा दिसतात. पण तिथे मुलांसाठी काही नाही, म्हणून सिंहगडींना नाही.

रेवा

नमस्कार, माझी शंका थोडी वेगळी. आमची स्टेट बोर्डची शाळा, एप्रिलअखेर सुट्टी लागते. तोपर्यंत जपानला स्कीइंग उरतं का? की तोवर सगळं संपलेलं?

नागानोकर

रेवा, उरतं, पण दोन गोष्टी सांभाळा. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा मोठ्या सुट्ट्यांचा आठवडा. गाड्या, हॉटेलं सगळं भरलेलं आणि महाग. त्याच्या आधी किंवा नंतर या.

एप्रिलअखेर तोक्योहून सोयीचं म्हणजे कागुरा, निगाता प्रांतात. माथा १८४५ मीटर, मेच्या उत्तरार्धापर्यंत चालतं. एचिगो-युझावा स्थानकावर उतरून बस, मग रोपवे. खाली हिरवं गवत, वर बर्फ. तिथे गर्दी असते ती जपानी दर्दींची, उतारावर बर्फाचे मोठमोठे ढिगारे झालेले असतात, ते नवशिक्यांना अवघड. योकोतेयामाही त्या वेळी चालू असतं, आणि २१७२ मीटरवरून जाणारा शिबुतोगेचा रस्ता एप्रिलअखेर उघडला की दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती दिसतात. योकोतेयामाच्या माथ्यावरच्या हॉटेलातली बेकरी जपानमधली सगळ्यात उंचावरची. पाव गरम असतो.

यामागातातलं गास्सान तर उघडतंच एप्रिलमध्ये. हिवाळ्यात तिथे इतका बर्फ असतो की रस्ता आणि लिफ्ट दोन्ही गाडले जातात. जुलैपर्यंत स्की चालते. पण जागा साधी, नवशिक्यांसाठी नाही.

स्की नको, नुसता बर्फ बघायचा असेल तर तातेयामा डोंगररांगेतून जाणारा मार्ग १५ एप्रिलच्या सुमारास उघडतो. २४५० मीटरवरच्या मुरोदोला भरपूर बर्फाच्या वर्षी २० मीटरच्या आसपास उंच भिंत असते. मराठी मुलांना मेच्या सुट्टीत तिथे नेलं तर विसरणार नाहीत.

रेवा

खूप आभार! मुरोदो आणि एक दिवस योकोतेयामा, असं बघते.

आजोबा नाशिककर

२० मीटर बर्फ म्हणजे सात मजली इमारत. मलाही जावंसं वाटायला लागलं.

निशिकासाईची ताई

आजोबा, या. घरी पिठलं-भाकरी करते.

अलिबागचा

ताई, पिठलं-भाकरीचं आमंत्रण सगळ्या धाग्याला आहे का?

डॉ गुडघा

ज्यांना वर्षातून एकदाच स्की करायची असते त्यांनी जायच्या दीड-दोन महिने आधी जिने उतरण्याचा सराव करावा, चढण्याचा नव्हे. उतरताना मांडीचे जे स्नायू काम करतात तेच स्कीला लागतात. सिंहगडी, तुमच्या नावालाच गड आहे. आठवड्यातून दोनदा चढा आणि उतरताना घाई करू नका.

सिंहगडी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून लिफ्टवार तारखांचे तक्ते काढले. नागानोकरांनी सांगितलं तसा आधी धाकट्याचा उतार शोधला. निसेकोत नवशिक्यांचे बरेच उतार खाली आहेत, म्हणून मुलासाठी तो पर्याय मागे पडला, जरी माझं मन अजून योतेईकडे ओढतंय. पावडरप्रेमी, फेब्रुवारीत मुलांच्या शाळेचं कधी जमलं तर होक्काइदोच.

आता ठरतंय ते असं: नागानोला शिनकानसेनने, तिथून बसने शिगा कोगेन. चार रात्री तिथे, कारण बर्फाची खात्री आणि वरचे सौम्य उतार. मग एक-दोन रात्री नोझावाला, वर यामाबिकोत एक सकाळ आणि खाली गावातली गरम पाण्याची सार्वजनिक स्नानगृहं. तिथून ईयामामार्गे तोक्यो, साकुरा आणि ताईंचं निशिकासाई. बायकोने भाकरतुकडाताईंचं कार्ड आजच जपानीत लिहून घ्यायला सांगितलंय.

एकच प्रश्न उरला. शिगात नेमकं कुठे राहावं? ओकुशिगा, याकेबिताई की खाली?

नागानोकर

याकेबिताई किंवा ओकुशिगा. दोन्ही उत्तरेच्या टोकाला आणि एकमेकांना स्कीने जोडलेली. याकेबिताईवर ऑलिंपिकची स्लॅलम शर्यत झाली, पण हॉटेलच्या समोरचाच उतार रुंद आणि सौम्य आहे, धाकटा तिथेच शिकेल. योकोतेयामा दुसऱ्या टोकाला, बसने जायला वेळ लागतो. स्वच्छ हवेचा दिवस बघून सकाळी लवकर निघा आणि तो पूर्ण दिवस तिकडेच द्या.

बुकिंग रद्द करता येणारं घ्या. २०१९-२० सारखा उबदार हिवाळा आला तर फेब्रुवारीअखेरच कळतं, तेव्हा बेत बदलायला मोकळे राहाल. शिक्षकाचं मात्र आजच बघा, मार्चअखेर जपानी शाळांनाही सुट्टी असते आणि मुलांचे वर्ग लवकर भरतात.

पावडरप्रेमी

शिगा चांगली निवड आहे. परत आल्यावर बर्फाचा अहवाल इथेच टाका, तारखेसकट. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विचारणाऱ्यांना उपयोग होईल.

सिंहगडी

नक्की टाकतो. शिक्षकासाठी ईमेल पाठवली आहे, उत्तर आलं की लिहितो.